मोटारींचे खोके बंद नव्हते

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. चंद्रपुरात ज्यांच्याकडे मी कूलर बनवतो, त्या चाचांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — जमेल तसं.

आधी चाचांबद्दल सांगू द्या. पाचवीतून शाळा सोडलेला मी, सिरोंच्याकडून इथं आलो तेव्हा टेपवरचे इंचही धड कळत नव्हते. त्यांनी बोट ठेवून ठेवून शिकवले. पत्र्यानं हात चिरला तेव्हा मालक असून दवाखान्यात बसून राहिले. कूलरची मोटार पारखायलाही त्यांनीच शिकवलं. "रंग कोणीबी मारते बाबू, स्क्रू पाह्य. खाचा झिजल्या असन तं मोटार जुनी."

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोटारी पटापट जळाल्या. गिऱ्हाईक कूलर परत आणू लागले. चाचांनी मोटारवाल्या व्यापाऱ्याचे पैसे अडवले, त्यानं वसुलीचा दावा लावला. मला वाटायचं, दावा लागला की आपणही कोर्टात बोलायचं. पण वकीलबाई म्हणाल्या, या दाव्यात तसं नाही — आधी लढायची परवानगीच मागायची, दहा दिवसांत, दमदार कारण दाखवून. नाहीतर निकाल सरळ त्याच्या बाजूनं. व्यापारी म्हणत होता, मोटारी नव्या होत्या, तुम्हीच जाळल्या. बाईंना असा माणूस हवा होता, ज्यानं माल आला त्याच दिवशी मोटारी जुन्या असल्याचं डोळ्यांनी पाहिलं.

चाचांनी मला विचारलं, "तूच उतरवल्या ना? काही दिसलं काय तुले?"

"नाई चाचा. खोके बंद होते."

बंद? एक मी उघडला होता. ताजा रंग बोटाला लागला. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या. दुसरा उघडला — तसाच. मग दोन्ही बंद केले, अन् 'माल तपासून घेतला' असं छापलेल्या कागदावर सही केली. एवढं वाचता येते मले. काऊन केली? गावची गाडी सुटायला अर्धा तास होता. भानगड काढली असती तर गाडी चुकली असती — दुसरी सकाळी होतीच. गावाहून आल्यावर तरी सांगितलं? त्यातल्या निम्म्या मोटारी मीच माझ्या हातानं बसवल्या.

त्या सहीवरून बाई मला खोदून विचारायला लागल्या, तर चाचा मध्ये पडले. "त्याले नका ओढू बाई. लेकराबाळांपासून दूर राहून राह्यला तो. माझ्या दुकानातली सही म्हंजे माझीच." कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रातही तसंच लिहायला लावलं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही — कुठं पाहणार?

परवानगी मिळाली. पण पुरावा कच्चा, म्हणून अर्धी रक्कम कोर्टात भरायच्या अटीवर. चाचांनी पत्रा वाकवायची मशीन विकून ती भरली. आता लाकडी हातोड्यानं वाकवतात, या वयात. जाड पत्रे स्वतःकडे ठेवतात, पातळ माझ्याकडे सरकवतात.

परवानगीच्या दिवशी ते कोर्टातून जिलेबी घेऊनच आले. "लढाले भेटलं रे! आता कोणी आपलं ऐकन तरी." पहिली माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. त्यांनी दुसरी दिली. तीही खाल्ली.