खालच्या पट्टीवरचा लाल आकडा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कारखान्याच्या गेटावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागते, तशी ते आपली आपण लावतात. नांदूरघाटला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. कॉम्प्युटर एकच, तोही म्हातारा. त्यामुळे रांगेतले निम्मे किस्से त्याच्या ब्राउझरचेच!

*

कॉम्प्युटर फारच रडायला लागला तेव्हा माझा वर्गमित्र गफूर याने त्याच्यावर विंडोज काढून हलकी लिनक्स सिस्टीम टाकून दिली. "लई हलकं हाय बे, पळतंय बघ!"

पळत होतं खरं. पण खिडक्यांना वरची पट्टीच नाही, म्हणजे बंद करायची फुलीही नाही. दुसऱ्याच दिवशी एक रिटायर्ड गुरुजी पेन्शनचं पान बघायला बसले. बघून झालं, पण पान काही मिटेना. बराच वेळ फुली शोधली, शेवटी उठून त्यांनी स्क्रीनची पिनच उपटली.

"झालं बंद," म्हणाले, आणि चष्मा खिशात घालून निघून गेले.

*

या सिस्टीममध्ये माउसचा बाण ज्या खिडकीवर, तिथेच टाइप होतं. क्लिक करायची गरजच नाही. एकदा एका गिऱ्हाईकाचा फॉर्म भरत होतो, शेजारी बायकोशी चाललेल्या चॅटची छोटी खिडकी. गिऱ्हाईकाचं कोपर माउसला लागून बाण चॅटवर सरकला, ते मला कळलं नाही. मी आपलं ‘अविवाहित’ टाइप करून एंटर दाबलं.

दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं, "जेवायला पण येऊ नका."

*

गफूरला फोन लावला. "ह्या बारक्या खिडक्यांचं काय तरी कर बाबा, संसार मोडंल माझा!"

इथे पडद्याचे नऊ कप्पे असतात. एका वेळी एकच दिसतो, त्यांचे आकडे खालच्या पट्टीवर. गफूरने नियम टाकला, बारकी खिडकी उघडली की थेट दुसऱ्या कप्प्यात. तीन आठवडे नुसते सातबारे आणि निकाल काढण्यात सुखात गेले. नियम मी विसरूनही गेलो.

*

मग कांताबाई आल्या, लेक सविताला घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची टोळी ऊस तोडायला निघणार होती. सविता दहावीला. वसतिगृहाचा फॉर्म त्याच दिवशी जाऊन पावती मिळाली तर ती इथे राहणार, नाही तर कोयता घेऊन ट्रॅक्टरमध्ये.

सगळं भरलं. ‘फोटो निवडा’वर क्लिक केलं. काहीच उघडेना. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. नवीन प्रोफाइल केली. गफूर फोनवर म्हणाला, "काढून नव्यानं टाक." टाकला. तरी तेच. सविताचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटायला लागली.

कांताबाई इतका वेळ स्क्रीनकडेच बघत होत्या.

"दादा, तुमी बटन दाबलं की खाली त्यो दोनचा आकडा लाल व्हतोय बगा. कावून?"

तेव्हा कुठे गफूरचा नियम आठवला; कप्प्यात काही वाट बघत असलं की त्याचा आकडा लाल होतो. दुसरा कप्पा उघडला. फोटो निवडायची खिडकी तिथे शहाण्यासारखी थांबली होती!

फॉर्म गेला, पावती निघाली. कांताबाईंनी ती उलटसुलट करून बघितली आणि सविताच्या हातात दिली.

सकाळी शटर उघडत होतो, तेव्हा टोळीचा ट्रॅक्टर समोरून निघाला. सविता माझ्या पायरीशी उभी, पेटी पायापाशी. कांताबाईंनी सामानावर बसून हात केला. मला वाटलं, लेकीला करतायत. पण बघत होत्या माझ्याकडे.

"दादा, पोरगी हितंच ठिवलीय! लाल झालं की बगत जावा!"