प्रार्थनेसाठी म्हणून सांगते!

त्या रविवारी सुमनमावशींनी प्रार्थना केली आणि तिच्यात सुनीलचं नाव आलंच नाही.

झालं एवढंच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, किस्से साठतात ते उपासनेच्या वेळी दाराबाहेर साठणाऱ्या चपलांसारखे. येताना प्रत्येकजण आपापली नीट काढून ठेवतो. जाताना कुणाच्या पायात कुणाची जाईल सांगता येत नाही. माझ्याकडं अशा बऱ्याच जमल्यात. पण त्या रविवारपासून एकही धड सांगून होत नाही, मधेच सुनील आठवतो. तेव्हा तुम्हीच सांभाळून घ्या.

आमची मंडळी लहान. पडेगावात, दौलताबाद रोडपासून जरा आत पत्र्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि संदेशापेक्षा मोठ्यानं बोलणारा एक पंखा. संदेश, म्हणजे पाळकसाहेबांचं प्रवचन, झाला की खुली प्रार्थना असते, ज्याला वाटेल त्यानं करायची. सुमनमावशी दर रविवारी करतात. त्यांच्या प्रार्थनेचा रूट सिटी बससारखा ठरलेला. पहिला स्टॉप सुनील, त्यांचा एकुलता एक मुलगा: “प्रभू, माझ्या सुनीलला पुण्यात सांभाळ, त्याला घरी आण.” मग पाळकसाहेबांचा गुडघा, मग आजारी माणसं, मग राज्यकर्ते, मग आमेन.

त्या रविवारी बस एकदम गुडघ्यावरूनच सुटली.

मी दचकून डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडू नयेत हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण उघडले म्हणून दिसलं, मावशींचेही उघडेच होते. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या.

उपासना संपल्यावर मी गायकगटातल्या मुलींना हे सांगितलं. त्या हसल्या. “एस्तेर, तुला आजवर कधी काही ठीक वाटलंय का गं?”

हा टोमणा उगीच नाही. त्यांच्याकडं माझ्याविरुद्ध भरपूर पुरावे आहेत. तेही ऐका.

*

एका शनिवारी सरावासाठी मी सगळ्यांच्या आधी हॉल उघडला, तर व्यासपीठाच्या मागून दोन पाय बाहेर आलेले. मोजे घातलेले, अजिबात न हलणारे.

मी जी किंचाळले, ती शेजारच्या गॅरेजमधली माणसं हातात पाने घेऊन पळत आली. तोवर पाय हलले आणि पाठोपाठ पाळकसाहेब उठून बसले. कंबर धरली म्हणून थंड फरशीवर आडवं पडून ते दुसऱ्या दिवशीचा संदेश तयार करत होते, आणि तयार करता करता त्यांचा डोळा लागला होता.

संदेशाचा विषय होता, विश्वासणाऱ्यानं सदैव जागृत राहावं!

गॅरेजवाल्यांसमोर ते शांतपणे म्हणाले, “बरं झालं एस्तेर. प्रस्तावना सुचत नव्हती.”

*

मानसशास्त्रात एमए केलंय म्हणून मला भेटसेवेत घेतलं. म्हणजे आजारी माणसाच्या घरी जायचं, एक स्तोत्र वाचायचं, प्रार्थना करायची, चहा प्यायचा. माझ्या जोडीला शालिनीबाई. या महिला मंडळाच्या प्रमुख. प्रेमळ बाई, फोन कायम हातात.

पहिल्याच भेटीला आम्ही दावीदबाबांकडं गेलो. त्यांचं नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. शालिनीबाईंनी मला प्रार्थना करायला सांगितली. घाबरलं की मला थांबता येत नाही. मी बाबांसाठी प्रार्थना केली, डॉक्टरांसाठी केली, नर्सबाईंसाठी केली, औषध बनवणाऱ्यांसाठी केली. घरात फोडणी दिलेली होती. आधी मोहरीचा वास आला, मग करपल्याचा. आमेनकडं जायचा रस्ताच सापडेना.

शेवटी खाटेवरून आवाज आला, “पोरी, आता आमेन म्हण की. डॉक्टरनं मला आराम सांगितलाय.”

तेव्हापासून मी आजाऱ्यापाशी अगदी थोडक्यात प्रार्थना करते आणि बाकीची घरी जाऊन करते. नवीन भेटसेवा करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. देवाला वेळ असतो. ताजे टाके पडलेल्या माणसाला नसतो.

*

आता साखळी. ही आमच्या मंडळीची खास रीत आहे. कुणाला काही अडचण आली की त्यानं एकाला फोन करायचा, त्यानं पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. सगळी मंडळी प्रार्थनेला लागते. शेवटच्यानं पहिल्याला फोन करायचा, म्हणजे साखळी पुरी झाल्याचं कळतं. सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं: “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं!”

ही साखळी चांगली आहे, हे मी मनापासून म्हणते. आई दवाखान्यात होती तेव्हा याच साखळीनं आमच्याकडं डबे पोचवले होते.

पण मागं माझ्या बाबांच्या रक्तात साखर निघाली. मी शालिनीबाईंना फोन करून प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं. पुढं काय काय जोडत गेलं ते प्रभूलाच ठाऊक. संध्याकाळी दारात केळी, मोसंबी आणि रडवेले चेहरे घेऊन अर्धी मंडळी हजर. आणि तेवढ्यात बाबा स्कूटरवरून आले. हेल्मेट काढून सगळ्यांना सलाम केला.

एक काकू हुंदका देत म्हणाल्या, “भाऊ, पाय कापायचा म्हणजे... पण देव धीर देईल.”

बाबांनी आधी एका पायाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. “कोणता, ते ठरलंय का?”

*

सुनीलचं सगळं या साखळीतच झालं.

त्याचं पल्लवीवर प्रेम होतं. पल्लवी बौद्ध घरातली. दोघं एकाच कॉलेजात होती. आमच्याकडं लग्नाआधी मंडळीपुढं सूचना वाचली जाते. मंडळीतल्या वडील माणसांनी ती वाचायला नकार दिला. सुनीलनं भांडण केलं नाही. रजिस्टर लग्न केलं आणि दोघं पुण्याला गेली. मावशी त्या लग्नाला गेल्या नाहीत. कुणी अडवलं नव्हतं त्यांना, पण जा असंही कुणी म्हटलं नाही. पाळकसाहेब तेव्हा नवीन होते. या गोष्टीचा विषय निघाला की ते अजूनही गुडघा चोळत बसतात.

मग मावशी दर रविवारी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करू लागल्या. आणि दर रविवारी संध्याकाळी मंडळीतलं कुणी ना कुणी सुनीलला फोन करू लागलं. तुझ्यासाठी फार प्रार्थना चाललीय, आई किती रडते तुला माहीत आहे का, बायकोला उपासनेला नेतोस का? एका काकांनी तर तो कामावर असताना फोनवरच प्रार्थना सुरू केली. तो बिचारा मशीन बंद करून, मान खाली घालून, आमेन होईपर्यंत उभा. सुपरवायझरला वाटलं, घरी कुणी गेलं! त्यानं सुट्टी देऊन टाकली.

त्यानंतर सुनीलनं मंडळीतल्या एकाचाही फोन उचलला नाही.

मावशींनीच हे मला मेथी निवडता निवडता सांगितलं होतं. सुट्टीचं सांगताना हसल्या. मग हात थांबले. “पोरगं मला काय म्हणालं माहितीय का? म्हणालं, आई, मी तुझा मुलगा आहे का प्रार्थनेचा विषय?”

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

“काय म्हणणार? नाव नाही घेतलं तर देवाला वाटंल, आईच विसरली.” आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

आता कळलं ना, मी डोळे का उघडले ते? इतक्या वर्षांत ज्या बाईनं ताप अंगात असताना ते नाव सोडलं नाही, तिनं एका रविवारी सोडलं. माझ्या मनात एकच येत राहिलं. आशा सोडली यांनी. आणि आशा सोडलेलं माणूस पुढं काय करतं, यावर आम्हाला एमएला अख्खा पेपर होता.

*

सोमवारी मी मावशींना फोन केला. उचलला नाही. मंगळवारी उचलला नाही. बुधवारी घरसभेला त्या आल्या नाहीत. आणि मावशी घरसभा चुकवत नाहीत, कारण सगळ्यांच्या चपला रांगेत लावायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलेलं आहे. त्या बुधवारी चपलांचा नुसता ढीग पडला होता.

शेवटी पाळकसाहेबांकडं गेले. त्यांनी विचारलं, प्रार्थना केलीस का? केली म्हटलं. सारखी करतेय.

“मग आता स्कूटी काढ. प्रार्थना झाली की पायात चपला घालायच्या असतात.”

हे त्यांनी खरं तर व्यासपीठावरून सांगायला हवं.

गेले. मावशींच्या दाराला कुलूप. शेजारच्या शबानाभाभी वाळत घातलेले कपडे काढत होत्या. मी इतकी घाबरलेली दिसत असणार की त्यांनी आधी पाणी आणून दिलं. “क्या हुआ बेटा? खाला बाजार गये. कल भी गये थे. मेरे से बड़ा पतीला लेके गये.”

कशाला?

“मटन का बोले. और बोले, किसी को बोलना नक्को.” मग त्यांनी जीभ चावली. “तेरे को बोल दी मैं.”

मावशी एकट्या राहतात. काका, म्हणजे सुनीलचे वडील, गेल्यापासून घरात मटण शिजलेलं नाही. वरणभात आणि एखादी भाजी, त्यावर त्यांचं भागतं. मोठं पातेलं कशाला? आणि कुणाला सांगायचं का नाही?

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याला काय सुचलं असतं, माहीत नाही. मला सुचलं ते असं: शेवटचं म्हणून माणसं गल्लीला जेवू घालतात, घर आवरतात आणि निघून जातात. परतीच्या रस्त्यावर छावणीपाशी मी दोनदा स्कूटी थांबवून फोन लावला. दोन्ही वेळा नुसती रिंग. पाठीमागचा रिक्षावाला ओरडला, “ओ ताई, बाजूला घ्या, रस्ता काय तुमच्या काकाचा हाय व्हय?” त्याला सांगावंसं वाटलं, माझी एक मावशी सापडत नाहीय.

*

शनिवारी सराव होता. मी पहिल्याच गाण्याला सूर चुकले. दुसऱ्यालाही चुकले. पेटीवर बसलेल्या शालिनीबाईंनी भाता सोडला आणि विचारलं, काय झालंय?

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. सुनीलचं नाव, घड्याळ, न उचललेले फोन, कुलूप, पातेलं. आश्चर्य म्हणजे या वेळी कुणी हसलं नाही. एकीनं हळूच विचारलं, मावशींचं बीपी असतं ना गं? आणि मग आम्हाला सगळ्यांनाच आठवलं की मावशींच्या घरी शेवटचं कोण कधी गेलं होतं, हे कुणालाच आठवत नाही. दर रविवारी बघतोच की, असं प्रत्येकीनं धरून चाललेलं. भेटसेवेच्या यादीत आजारी माणसं असतात. चपला रांगेत लावणारी बाई नसते.

शालिनीबाईंचे डोळे भरून आले. आणि त्यांचा हात आपोआप फोनकडं गेला.

“थांब, साखळीत टाकते. सगळ्यांना मावशींच्या घरीच यायला सांगते. दार तोडायला लागलं तर पुरुष माणसं लागतील.”

मला दिसायला लागलं. मोसंबी, केळी, रडवेले चेहरे, गॅरेजवाले हातात पाने घेऊन. मावशी आत पडल्या असतील तर हे सगळं हवंच होतं. आणि नसतील तर? “किसी को बोलना नक्को” म्हणणाऱ्या बाईच्या दारात अख्खी मंडळी! यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवता येईना.

“बाई, थांबा. मला एकदाच, शेवटचा लावू द्या.”

“एस्तेर, वेळ घालवू नको.” बोट स्क्रीनवरच होतं.

“एकदाच.”

मी फोन लावला. रिंग गेली. मुलींनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं प्रार्थनाच करत होत्या. पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. रिंग संपत आली. शालिनीबाईंनी पहिलं नाव शोधून काढलं. माझं बोट कट करायला खाली येत होतं, आणि तेवढ्यात पलीकडं कसलासा खडखडाट झाला, पातेल्यावरचं झाकण पडल्यासारखा.

फोन उचलला होता. पण मावशींनी नाही.

मागून एक बाई विचारत होती, “आई, मीठ तुम्ही घातलंय का मी घालू?” आणि मावशी काहीतरी म्हणून हसत होत्या.

मग अगदी फोनजवळ, पुरुषाचा दबका आवाज आला.

“सलाम. मी सुनील बोलतोय. आई म्हणली होती उचलू नको, पण तुमचे लईच फोन यायलेत.” तो जरा थांबला. “ताई, एक करा. प्रार्थनेसाठी म्हणून कुणाला सांगू नका.”