वेल्डाचे हात

वेल्डा ऑर्म आणि मी आठ वर्षं शेजारी बसून टायपिंग केलं. हॉलिवूडमधल्या त्या स्टुडिओत आम्ही चौदाजणी टायपिस्ट होतो. पडद्यावर येणारी प्रत्येक गोष्ट आधी आमच्या बोटांखालून जायची. नायिका वकील असो, डॉक्टर असो, शेवटच्या चार पानांत नोकरी सोडून लग्न करायची. ती चार पानं वेल्डा बोलत बोलत टाइप करायची. "यात बघायचंय काय? नाव तेवढं बदलतं," म्हणायची.

बत्तीस साली मंदीनं सगळ्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा स्टुडिओनं नियम काढला: जिला नवरा आहे तिनं घरी बसावं. चौघी एका दुपारी गेल्या. वेल्डा राहिली, कारण ती 'मिस' होती. घरी भाऊ आहे, ऑरिन, सेटवर सुतारकाम करताना पडला आणि कायमचा खुर्चीला खिळला, असं तिनं सांगितलेलं. मी तिला छळायचे. "अगं, भावाला भेटव की एकदा! खुर्चीत असला तरी चालेल, मला कुठं त्याच्याबरोबर नाचायचंय?" ती हसायची आणि नवा कागद चढवायची.

त्या उन्हाळ्यात एका संपादिकेची गोष्ट निघाली. नायिकेचं काम करणाऱ्या बाईसाहेबांना टायपिंग येत नव्हतं. राजीनामा टाइप करतानाचं अगदी जवळून दृश्य घ्यायचं, तर हात दुसऱ्या कुणाचे तरी हवे होते. आमच्यात वेल्डाचे हात सगळ्यांत देखणे. तिला नेऊन दिव्यांखाली बसवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्य बाई, मिस टटल, तो तुकडा दाखवायला आम्हा सगळ्यांना घेऊन गेल्या. अशी चैन आम्हाला एरवी कुठली!

पडद्यावर वेल्डाचे हात दाराएवढे मोठे झाले. डाव्या हाताच्या एका बोटावर, अंगठीच्या जागी, पांढरा पट्टा होता. बाकी हात उन्हानं रापलेला, तेवढीच जागा गोरी. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मी अंधारात मोठ्यानं ओरडले, "अगं बाई! वेल्डे, चोरून लग्न केलंस की काय?"

सगळ्या खिदळल्या. वेल्डा हसली नाही. तेव्हा मला कळलं.

दिवे लागल्यावर मिस टटल म्हणाल्या, "मिस ऑर्म, ऑरिन तुमचा कोण?"

"नवरा. मिस टटल, त्याला उभंही राहता येत नाही. माझ्या पगारावर दोघं जगतोय आम्ही."

"कळतंय मला. पण हाच नियम सांगून मी चौघींना घरी पाठवलंय. तुम्हाला ठेवलं तर त्यांना काय तोंड दाखवू?"

बाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर मला त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

वेल्डानं मशीनवर झाकण घातलं. "रविवारी घरी दिवसभर घालायचे गं अंगठी," मला म्हणाली. "उन्हात भाजीच्या वाफ्याला पाणी घालताना तो खिडकीतून बघत बसायचा. त्याला बरं वाटायचं." रागावलीसुद्धा नाही.

त्या खुणेमुळे दृश्य पुन्हा घ्यावं लागलं. या वेळी हात माझे घेतले. मला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही; चौदाजणींतल्या पाच गेल्या होत्या आणि मला सहावी व्हायचं नव्हतं.

महिन्याभरानं तिच्याकडे सूप घेऊन गेले. ती लोकांचे कपडे धूत होती, बोटं सोलवटलेली. ऑरिन मात्र खुशीत होता. "अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय, आमच्या हिचे हात सिनेमात आहेत! तेवढं तर कुणी काढून घेणार नाही ना?"

वेल्डानं माझ्याकडे पाहिलं. "माझेच ठेवलेत ना गं?"

"तुझेच," मी म्हटलं.

नोव्हेंबरात सिनेमा त्यांच्या वस्तीत लागला. शेजाऱ्यांनी ऑरिनला खुर्चीसकट उचलून नेलं, हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. नायिकेनं राजीनामा टाइप केला तेव्हा सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, आणि ऑरिननं सगळ्यांत जोरात. वेल्डा आठ वर्षं माझ्या शेजारी बसलेली. माझी बोटं तिनं पहिल्या ओळीलाच ओळखली असणार.

त्यानंतर मी तीनदा तिच्या दाराशी गेले. आत कपडे घासल्याचा आवाज यायचा. मी हाक मारली की तो थांबायचा, आणि मी जिना उतरेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा नाही.