स्मारकापुढचा फ्लेक्स

भिवंडीतल्या बागेत इंग्रजांच्या काळातला एक दगडी खांब आहे. महायुद्धात आपल्या भागातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, एवढंच त्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. एरवी लूमवरचे कामगार शिफ्ट सुटल्यावर त्याच्या चौथऱ्यावर डबा खातात. मीही लहानपणापासून तिथून येत-जात होते, पण फौजीशी लग्न झाल्यावर तो मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. परत न आलेल्यांच्या बायकांना कोणी सांगितलं असेल, कसं सांगितलं असेल, हे डोक्यातून जाईना. मग मी त्या बाजूला जायचंच सोडलं.

त्या वर्षी एका मंडळाने खांब धुऊन-रंगवून कार्यक्रम ठेवला. मंडळाचा अध्यक्ष खारबावला आमच्या घरी आला आणि सासूबाईंकडून यांचा वर्दीतला फोटो घेऊन गेला. फ्लेक्स लावून आपल्या जवानांचा मान करायचाय म्हणाला. सासूबाईंनी लगेच यांना फोन करून सांगितलं. त्यानंतर यांचा फोन लागेनासाच झाला. टीव्हीवर सरहद्दीवरच्या गोळीबाराच्या बातम्या. मी टीव्हीची वायर काढली आणि बिघडलाय म्हणून सांगितलं.

"टीवी बिगडला तं बिगडू दे," सासूबाई म्हणाल्या, "पन फोन का लागत न्हाय?"

मी रेंजवर ढकललं. कार्यक्रमाला जायची माझी मुळीच इच्छा नव्हती, पण नको म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. रिक्षा केली आणि गेलो.

खांबाला टेकवून भला मोठा फ्लेक्स लावला होता. वर हात जोडलेले पुढारी, खाली जवानांच्या फोटोंची रांग, आणि त्याखाली ठळक अक्षरात, 'वीर शहीद जवानांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्या रांगेत आमचे हे.

"बग गं, माझा पोर किती मोठा लावलाय!" सासूबाईंना वाचता येत नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चूक असेल, असं मनाला बजावत होते, पण दुसरं मन ऐकेना. अशी बातमी आधी गावाला कळते आणि घरच्यांना शेवटी. मंडळवाल्यांना कळलं असेल, आणि आम्हाला सांगायची हिंमत होत नसेल तर? एरवी ओळख न देणारी माणसं उठून आम्हाला पहिल्या रांगेत बसवत होती. एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात. कोणीतरी थंड पाण्याची बाटली आणून दिली. मला पाणी कशाला? मी मागितलं होतं का? ती मायाळू तोंडं बघून मला ओरडावंसं वाटत होतं. पण शेजारी सासूबाई पदर सारखा करून फोटोकडे बघत बसल्या होत्या, म्हणून दात आवळून धरले.

शेवटी उठले आणि अध्यक्षाला खांबामागे ओढलं. "त्या फ्लेक्सवर काय लिहिलंय ते वाचा."

त्याने वाचलं. तोंड पांढरं पडलं. कोपऱ्यात दोऱ्या बांधणाऱ्या फ्लेक्सवाल्याला हाक मारली.

"भाभी, शहीद और ड्यूटीवाले, सबके फोटो एकसाथ आये थे," तो पोरगा म्हणाला, "मैंने एकसाथ लगा दिये."

"नक्की चूकच ना?" मी अध्यक्षाला विचारलं. "माझ्याकडे बघून सांगा."

"आईची शपथ, वहिनी. चूकच आहे."

शपथ घेतली तरी भीती गेली नाही. त्याला तरी काय ठाऊक असणार होतं? फ्लेक्सवाल्याने ब्लेड काढलं आणि सगळ्यांच्या देखत यांचा फोटो चौकोनी कापायला लागला.

"त्याला कापतात कशाला?" सासूबाई उभ्याच राहिल्या.

"रंग चुकलाय, आई," मी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग चौथऱ्यावर रचलेल्या फुलांकडे पाहिलं आणि खाली बसल्या.

 घरी आल्यावर सासूबाईंनी उंबऱ्यातच बसकण मारली.

"येल ना गं तो?"

 मी त्यांच्याशेजारी बसले. मला खूप भीती वाटतेय, असं मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. त्या जवळ सरकल्या.

दिवेलागणीला फोन वाजला. नंबर अनोळखी. वाईट खबर अनोळखी नंबरवरूनच येते, हे फौजीच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. मला तो उचलवेना. सासूबाईंनी माझ्या मांडीवरचा फोन ओढून घेतला आणि हिरवं बटण दाबून "कोन?" म्हणाल्या.

"आई? अगं, इथे रेंजच नव्हती. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय." यांचाच आवाज. हसत होते. "माझा फ्लेक्स कसा झाला?"

"फाटला," सासूबाई म्हणाल्या. "बरा झाला फाटला. तू ये रे."