तीन बोटांचा पक्षी

महाराजांच्या कारकिर्दीत आबा, म्हणजे माझे वडील, पन्हाळ्यापलीकडच्या पठारावर दरबारच्या कुरणाचे राखणदार होते. पागेतल्या घोड्यांचं गवत तिथूनच जायचं. भाद्रपदात त्या गवतात असं धुकं शिरायचं, की आमचं खोपट जमिनीवर आहे की ढगात, हे सकाळी पाय खाली टेकेपर्यंत मला कळत नसे. आणि त्या धुक्यात जमिनीतून आवाज यायचा, घूंऽ घूंऽ, कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येणारा. मला पुष्कळ दिवस वाटायचं, पठारच झोपेत घोरतंय.

तो आवाज दुर्लाव्याचा. लावा आणि दुर्लावा शेजारी ठेवले तर भलाभला माणूसही फसेल. दोघंही मुठीएवढे, मातकट, छातीवर आडव्या काळ्या रेघा, आणि उडण्यापेक्षा पळण्यात हुशार. पण लावे घोळक्यानं राहतात आणि अगदी पायाशी आलं की फुर्रकन उठून आपलाच जीव घाबरा करतात. दुर्लावा एकटा असतो आणि मुकाट्यानं गवतातून सटकतो. आबा म्हणायचे, "पाय बघावं. लाव्याला मागं बोट असतंय. ह्याला न्हाय, तीनच."

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर वर्षभर आबांनीच मला न्हाऊ घातलं, भाकरी करून घातली आणि रोज वेणी घातली. ती वेणी मानेपासूनच डावीकडे पळायची. गवत कापायला येणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर आबांचाही.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि गडहिंग्लजचे मामा मला न्यायला आले. आईविना पोर आजोळी वाढायची, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

"दाजी, बाप्याच्या हातनं पोरगी वाढत न्हाय," मामा म्हणाले.

आबांनी माझे दोन परकर घडी करून गाठोड्यात बांधले आणि गाठोडं दाराशी ठेवलं. त्यांचं ते निमूट बांधणं मला फार लागलं.

मामांना लाव्यांच्या झुंजीचा भारी नाद. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्यांनी तो आवाज ऐकला आणि घोड्याच्या केसांचे फासे लावून बसले. ऊन वर यायच्या आत पक्षी सापडला. काळ्या गळ्याचा, चांगला दणकट, हाताला टोचा मारणारा.

"असला नर आमच्याकडं कुणाजवळ न्हाय," मामा खुशीत म्हणाले.

आबांनी पक्षी हातात घेतला, उलटा केला, पाय पाहिले आणि परत मामांच्या हातात दिला. "पाव्हणं, ह्यो लावा न्हाय, दुर्लावा हाय. आन् नर बी न्हाय. मादी हाय."

"वरडती, भांडती, आन् मादी?" मामा हसले. "मग अंड्यावर कोण बसतंय? तुमी?"

आबांना थट्टा कधी कळायची नाही. ते उठले आणि आम्हाला उतारावर घेऊन गेले. एका ठिकाणी त्यांनी दोन बोटांनी गवत बाजूला केलं. आत एक लहानसा, फिक्या रंगाचा, पांढुरक्या गळ्याचा पक्षी बसला होता. आम्हाला बघूनही हलला नाही. फक्त डोळा आमच्यावर ठेवून होता.

"ह्यो नर," आबा हलकेच म्हणाले. "अंडी घालून ती जाती. मग ऊब बी ह्योच देतो, पिल्लं बी ह्योच..."

आपण काय बोलून बसलो, ते आबांना तेव्हाच कळलं असावं.

मामा उकिडवे बसले. धुकं आमच्या अंगावरून सरकत होतं. मामा त्या पक्ष्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. शेवटी त्यांनी हातातली मादी गवतात सोडून दिली.

खोपटात आल्यावर त्यांनी दाराशी ठेवलेलं माझं गाठोडं सोडलं आणि परकर पुन्हा दांडीवर टाकले. "दिवाळीला या, दाजी," एवढंच म्हणाले. "दोघं या."

मामा उतार उतरून दिसेनासे झाले, तेव्हा आबा फणी घेऊन माझ्या मागे बसले. त्या दिवशीची वेणी तोवरच्या सगळ्या वेण्यांत वाकडी झाली. मी ती चार दिवस त्यांना सोडू दिली नाही.