चौदा झाडं, चौदा पाट्या

सोमवार, सकाळचे साडेदहा. नवा मध्य प्रदेश होऊन महिना झाला होता. शाळेच्या मैदानावर झाडं चौदा, मुलं अडतीस, मोठी माणसं चार: भोपाळहून आलेले इन्स्पेक्टर, हेडमास्तर सक्सेनाजी, जाधव आणि मी. जाधव आणि मी, आमच्यापैकी एकाला बदलीवर भिंडला जायचं होतं.

पुनर्रचनेत हजिऱ्याची प्रायमरी शाळा आमच्या लष्कर मोहल्ल्यातल्या शाळेत मिसळली. मुलं आली, बाकं आली आणि निसर्गपाठ शिकवणारे जाधवही आले. निसर्गपाठाची पोस्ट मात्र एकच राहिली. सीनियॉरिटीच्या याद्या जुळत नव्हत्या, म्हणून इन्स्पेक्टर दोघांचा पाठ बघून ठरवणार होते. माझं घर नया बाजारात, दोन मुली शिकत होत्या, आई अंथरुणाला खिळलेली. भिंडला जाऊन माझं चालण्यासारखं नव्हतं.

निसर्गपाठ म्हणजे झाडं, पाखरं, किडे मुलांना प्रत्यक्ष दाखवून शिकवणं. माझ्या पद्धतीत प्रत्येक झाडावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर नंबर, नाव आणि शास्त्रीय नाव. मुलं रांगेनं जायची, पाटी वाचायची, पान वहीत चिकटवायची. आठ वर्षांत एकही वही अपुरी राहिली नव्हती.

जाधवांकडे वहीच नव्हती. ते मुलांच्या जोड्या लावत. एकाचे डोळे रुमालानं बांधायचे, दुसऱ्यानं त्याला हाताला धरून एका झाडापाशी न्यायचं. त्यानं साल चाचपायची, वास घ्यायचा, खोडाला कान लावायचा. मग परत आणून रुमाल सोडायचा आणि सांगायचं, आता तुझं झाड शोध. मुलं हसत, धावत, झाडांना मिठ्या मारत. माझ्या रांगेतली मुलं माना वळवून तिकडे बघत.

मला ते सोसत नव्हतं. घरीही सुटका नव्हती. माझी धाकटी कुसुम चौथीत, जाधवांच्या वर्गात. एका संध्याकाळी ती डोळ्यांना ओढणी बांधून अंगणात फिरताना दिसली.

"काय चाललंय?"

"बाबा, मला नुसत्या वासानं कढीलिंब सापडला. तुम्ही बघा ना करून."

"मला डोळे आहेत," मी म्हणालो.

बायको आतून म्हणाली, "आहेत तर. जाधवांवरून हलतायत कुठे?"

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना चिठ्ठी लिहिली. साहेब येणार, तरी मैदानातली झाडं गेरू-चुन्यानं रंगवावीत. साहेब येणार म्हटलं की झाडं रंगवायची ही आपल्याकडची रीतच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मी उंची लिहिली होती चार फूट. चौथीतलं मूल साल चाचपतं ते तेवढ्याच उंचीपर्यंत. साल रंगाखाली गेली की जाधवांचा खेळ संपला, हा माझा हिशेब होता.

शनिवारी चपराशी रामदीननं पाट्या उतरवल्या, झाडं रंगवली. रविवारी पाट्या पुन्हा ठोकल्या. संध्याकाळी मी जाऊन तपासलं. पाट्या चौदा, खिळे अठ्ठावीस. मी मोजल्या, वाचल्या नाहीत.

सोमवारी पहिला पाठ माझा. इन्स्पेक्टरांनी बन्सी नावाच्या मुलाला एका झाडाखाली उभं केलं. "ये कौन सा पेड़ है?"

"नंबर नौ, कदंब." पुढे शास्त्रीय नावही त्यानं खडाखडा म्हटलं.

इन्स्पेक्टरांनी वर बघितलं. मीही बघितलं. तो कडुनिंब होता.

"दातुन किसकी करते हो?"

"नीम की, सर."

"तो ये पत्ते पहचानो."

बन्सीनं पानांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "सर, घर में ये नीम है. स्कूल में कदंब है."

हेडमास्तरांनी रुमालानं तोंड झाकलं. मी एकेक पाटी वाचत गेलो. मी नंबर विहिरीकडून सुरू केले होते. रामदीननं फाटकाकडून ठोकत आणले होते. चौदाच्या चौदा चूक. कडुनिंब, चिंच तरी मुलांना घरापासून माहीत होती. पण माझ्यासमोर पाटी खोटी म्हणायची त्यांची हिंमत नव्हती.

मग जाधवांचा पाठ. पहिल्या मुलीनं खोड चाचपलं, तळवे गेरूनं लाल झाले. "सर, सब एक जैसे हैं."

"मग खाली बस," जाधव म्हणाले. "रंग खोडाला आहे, जमिनीला नाही."

ती गुडघ्यांवर बसली. मुळं चाचपली, पडलेलं पान चुरगाळून हुंगलं, सावली कुठे संपून ऊन लागतं ते पावलांनी बघितलं. रुमाल सोडल्यावर ती सरळ करंजाकडे गेली. बारा जोड्यांपैकी अकरांना आपलं झाड सापडलं. ते मात्र मी नीट मोजलं.

आठवड्यानं भिंडची ऑर्डर माझ्या नावानं आली.

चार्ज देताना, म्हणजे शाळेच्या वस्तू यादीप्रमाणे ताब्यात देताना, जाधव समोर बसले होते. "नानासाहेब, चार फूट तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

"हो."

"अक्षर ओळखलं होतं मी. हेडमास्तरांच्या टेबलावर चिठ्ठी होती." यादी पुढे ओढून म्हणाले, "पाट्या हव्यात तर घेऊन जा. मला नकोत."

"यादीत आहेत. सही करा."

त्यांनी सही केली. मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "ती मोहराची वही मात्र ठेवून जा. कुठलं झाड कधी फुललं, आठ वर्षांचं. ते माझ्याकडे नाही."

ती वही शाळेची नव्हती. माझ्या कागदाची, माझ्या शाईची. न्यायचीच असं मी घरी सांगून आलो होतो.

भिंडच्या शाळेत झाडं तीनच निघाली. मी पाट्या लावल्या नाहीत. पाटी लावली की मूल पाटी वाचतं आणि मास्तर पाट्या मोजतो.

चार्जच्या यादीत चौदा ओळी होत्या. त्या दिवशी जाधवांसमोरच मी पंधरावी लिहिली: मोहराची वही, एक. घेणार, जाधव.