चुलीत गेलेली शेवटची पानं

परवा खोपोलीत रद्दीच्या दुकानात एक जुनी इंग्रजी कादंबरी दिसली. उघडली तर ओलसर कागदाचा तोच वास, आणि मी थेट कर्जतजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर पोचले.

आई तेव्हा मुंबईकरांच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. पाहुण्यांनी मागे टाकलेली पुस्तकं ती चूल पेटवायला घरी आणायची. त्यातलंच एक म्हणजे हीच कादंबरी. विलायतेतला बंगला, जमलेले पाहुणे, त्यांत मालकाची भाची आणि एक डॉक्टर, सकाळी मालक मेलेला आणि तपासाला आलेला पोलीस. दुपारी आई तांदूळ निवडायची आणि मी कॉलेजच्या तोऱ्यात तिला गोष्ट मराठीत सांगायची. ऐन शेवटाला आलो तर पानंच नाहीत. आईनंच ती चुलीत घातली होती.

मी चिडले. आईनं शांतपणे सूप खाली ठेवलं.

"भाचीनं मारला," ती म्हणाली. "घरात अजून कुणाला खबर नाय, आन् हिचा सकाळचा चहा न पिता तसाच परत येतो. म्हंजे हिला आधीच ठाव हाय गं. त्या पोलिसानं सैपाकिणीला विचारायला पायजे होतं."

विलायती बंगल्यांतल्या खुनांचं तुला एवढं काय, असं लोक मला विचारतात. मला ती घरं ओळखीची वाटतात. मी त्यांत स्वयंपाकघराच्या दारानं शिरते, एवढंच.

परवा दुकानातल्या त्या प्रतीत उभ्या उभ्या शेवट वाचला. लेखकानं खून डॉक्टरच्या माथी मारला होता. मी पुस्तक मिटून परत ठेवलं. त्या माणसानं जन्मात कधी दुसऱ्याचे कप विसळले नसणार.